चांदी, गंधक आणि ॲन आर्बरचं पाणी

प्रिंट सेलेनियम टोनरमध्ये, म्हणजे छटा बदलणाऱ्या द्रावणात, टाकला आणि बघता बघता त्याच्या पांढऱ्या भागावर पिवळट डाग उमटला, की माणूस आधी टोनरच्या बाटलीवर संशय घेतो. बाटली जुनी असेल, प्रमाण चुकलं असेल, ट्रे विसळला नसेल. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आमच्या घराच्या तळघरात माझी डार्करूम आहे आणि ओळखीतली काही मंडळी तिथं येऊन प्रिंट काढतात. असा डागाळलेला ओला प्रिंट चिमट्यात धरून जो कुणी जिना चढून वर येतो, त्याची तक्रार टोनरबद्दलच असते. माझा प्रश्न मात्र ठरलेला असतो : फिक्सर कधीचा होता, आणि त्यातून किती कागद गेले?

डाग दिसतो टोनरच्या ट्रेमध्ये, पण पडलेला असतो त्याच्या कितीतरी आधी. ब्लॅक अँड व्हाइट कागदावर जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असतात. ज्यांच्यावर प्रकाश पडला त्यांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते आणि तिचंच चित्र बनतं. ज्यांच्यावर पडला नाही ते क्षार काढून टाकण्याचं काम फिक्सरचं, म्हणजे आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांच्या हायपोचं. हायपो हे काम एका झटक्यात करत नाही. आधी चांदीच्या क्षाराशी त्याचं एक संयुग बनतं, ते कागदाला धरून बसतं. ताजा हायपो पुरेसा मिळाला तर त्याचं पुढचं, पाण्यात सहज विरघळणारं संयुग होतं आणि ते धुण्यात निघून जातं. हायपो थकलेला असेल, वेळ कमी दिला असेल किंवा दोन प्रिंट एकमेकांना चिकटून पडले असतील, तर पहिलंच संयुग कागदात राहतं. ते डोळ्यांना दिसत नाही. प्रिंट स्वच्छ, पांढराशुभ्र दिसतो. मग टोनर येतो. टोनरला चांदी कळते. ती चित्रातली की चुकून मागे राहिलेली, एवढा भेद त्याला कळत नाही. जिथं सापडेल तिथं तो तिला रंगवतो. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा कधी गेला हे बुरशी आल्यावर कळतं, तसंच हे आहे.

मागच्या हिवाळ्यात इथं विद्यापीठात पीएचडी करणारी नागपूरची एक मुलगी असाच प्रिंट घेऊन वर आली. निकोल्स आर्बोरेटमच्या उतारावर नुकताच बर्फ पडलेला, मधे ओकची दोन झाडं, बाकी सगळं पांढरं. चित्र सुरेख होतं. पण बर्फाच्या डाव्या बाजूला वरून खाली एक पिवळा पट्टा उतरला होता आणि त्याची एक कड अगदी सरळ होती.

“काकू, टोनर खराब झाला वाटतं. बर्फच पिवळा पडला ना.”

मी तिला ती सरळ कड दाखवली. टोनरनं केलेला डाग असा सुताने आखल्यासारखा सरळ नसतो. ती दुसऱ्या कागदाची कड होती. फिक्सरच्या ट्रेमध्ये एक प्रिंट दुसऱ्यावर पडून राहिला होता, आणि जेवढा भाग झाकला गेला तेवढ्याला ताजा फिक्सर पोचला नव्हता. डागाचा आकार बघायची सवय लावून घेतली तर अर्धा तपास तिथंच होतो. गोल आणि बारीक ठिपके असतील तर बहुधा हवेचे बुडबुडे. बोटांचे ठसे असतील तर फिक्सरचे हात न धुता कोरडा कागद उचललेला. सगळ्या कागदावर सारखाच पिवळेपणा असेल तर फिक्सर थकलेला आहे किंवा धुणं अपुरं आहे.

तिचे आणखी काही प्रिंट टोनरमध्ये जायचे बाकी होते. ते वाचवता येण्यासारखे आहेत का, हे बघायला आम्ही थेंबाची जुनी चाचणी केली. शंभर मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम सोडियम सल्फाइड; वापरताना त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. कोडॅकच्या जुन्या हस्तपुस्तिकांत हीच कृती सापडते. प्रिंट काचेवर ठेवून वरचं पाणी निपटून काढायचं आणि चित्राच्या बाहेरच्या पांढऱ्या कडेवर ड्रॉपरनं एक थेंब सोडायचा. दोन-तीन मिनिटं थांबायचं. थेंब तसाच फुगून बसलेला असतो, खोलीत कुजक्या अंड्यांचा वास भरतो, आणि तेवढा वेळ कुणी फारसं बोलत नाही. मग टिपकागदानं तो टिपायचा आणि प्रिंट उजेडात न्यायचा. कागद पांढरा राहिला, किंवा जेमतेम सायीच्या रंगाची झाक आली, तर काम चोख झालेलं आहे. तिच्या पहिल्याच कागदावर थेंबाच्या जागी पिवळं-तपकिरी वर्तुळ उमटलं, कडेला गडद, मधे थोडं फिकट. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर अगदी पुसट. तिसरा प्रिंट ट्रेमध्ये सर्वांत आधी गेलेला होता, म्हणजे फिक्सर मधेच कुठंतरी संपला होता.

फोटोचं साहित्य बनवणाऱ्या इलफर्डनं आपल्या फिक्सरच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की फायबर (प्लास्टिकचा थर नसलेल्या) कागदावरचे प्रिंट दीर्घकाळ टिकायला हवे असतील, तर एका लिटरमध्ये आठ बाय दहा इंचाचे १० प्रिंट करा आणि थांबा. नेहमीच्या व्यावसायिक कामाला ४० चालतील. या १० आणि ४० मधल्या अंतरात जगातले बहुतेक डाग पडतात. दहाव्या प्रिंटनंतर फिक्सर निकामी होत नाही, आणि दिसायला तर अकरावाही तितकाच पांढरा दिसतो. म्हणून दोन ट्रेंची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. पहिल्या ट्रेमधला फिक्सर बरीचशी चांदी काढतो, दुसऱ्यातला जवळजवळ ताजाच राहतो आणि उरलेली काढतो. पहिला थकला की टाकून द्यायचा, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणायचं आणि दुसऱ्यात नवा भरायचा.

टोनरमध्ये न गेलेले तिचे प्रिंट ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घालून, पुन्हा धुऊन वाचले. बर्फाचा तो प्रिंट वाचला नाही. का वाचला नाही, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

सेपिया टोनिंगमध्ये आपण काय करतो? प्रिंट आधी पोटॅशियम फेरीसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या पिवळ्या द्रावणात ब्लीच करतो. काळी चांदी पुन्हा क्षार होते आणि चित्र जवळजवळ नाहीसं होतं. मग ते सल्फाइडच्या द्रावणात टाकलं की काही सेकंदांत तपकिरी होऊन परत येतं. आता ते चांदीचं राहिलेलं नसतं, सिल्व्हर सल्फाइडचं झालेलं असतं. चांदी आणि गंधक एकमेकांना घट्ट धरतात, आणि हवेतल्या वायूंना, दमटपणाला ते संयुग साध्या चांदीपेक्षा कितीतरी कमी दाद देतं. जुने सेपिया फोटो आजही टवटवीत दिसतात ते यामुळेच.

आणि पांढऱ्या कडेवर थेंबानं उमटवलेलं ते पिवळं वर्तुळ? तेही सिल्व्हर सल्फाइडच. हायपोकडून काढायची राहून गेलेल्या चांदीला गंधक मिळाला की जे बनतं, ते अगदी तेच द्रव्य. जुन्या फोटोत आजीच्या साडीच्या काठावर असलं तर त्याला आपण रंग म्हणतो, तिच्या मागच्या भिंतीवर असलं तर डाग. सेलेनियमच्या टोनरमध्ये गंधकाच्या जागी सेलेनियम येतं, बाकी गोष्ट तीच. म्हणून चित्राला धक्का न लावता डाग काढणारं औषध मिळणं जवळपास अशक्य. जे रसायन डागाला विरघळवेल ते चित्रालाही विरघळवणारच. बर्फाच्या प्रिंटवर मी काहीच का करू शकले नाही, याचं उत्तर एवढंच. ती मुलगी निगेटिव्ह घेऊन पुन्हा खाली गेली आणि नवा प्रिंट काढला.

गंधकाची ही दोन रूपं, टिकवणारं आणि डागाळणारं, माणसाला फार लवकर भेटली. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं १८१९ मध्येच नोंदवलं होतं, म्हणजे फोटोग्राफी जाहीर होण्याच्या २० वर्षं आधी. त्याच हायपोनं चित्रं टिकू लागली, आणि पुढच्या १५ वर्षांत त्याच हायपोमुळं ती पिवळी पडू लागली. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं १८५५ मध्ये फोटो फिके का पडतात याचा तपास करायला समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाच्या पतीनं, प्रिन्स अल्बर्टनं, त्या कामाला ५० पौंड दिले. समितीचा निष्कर्ष आजही जसाच्या तसा लागू पडतो : नीट न धुतल्यामुळं कागदात राहिलेला हायपो हे मुख्य कारण, त्याच्या जोडीला हवेतला गंधक आणि दमटपणा.

आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळात मुंबईत फोटो काढत होते. लंडनच्या लोकांना धुराची चिंता होती. मुंबईच्या लोकांपुढं चार महिन्यांचा पावसाळा होता. कागदात राहिलेल्या हायपोला दमट हवेइतकं दुसरं काहीच मानवत नाही. तो हळूहळू विघटित होतो, त्यातला गंधक चांदीला गाठतो, आणि कुणी न सांगता, वर्षानुवर्षं, एका कोपऱ्यात जास्त तर दुसऱ्यात कमी असं टोनिंग आपसूक होत राहतं. आपल्या घरांतल्या जुन्या फोटोंवरचा तो पिवळेपणा, ज्याला आपण वयाचा समजतो, तो पुष्कळ वेळा वयाचा नसून धुण्याचा असतो.

मी सोलापूरची. एप्रिल-मेमध्ये तिथं नळाचं पाणी हाताला कोमट लागतं, आणि डार्करूममध्ये ती मोठीच आपत्ती असते. गरम पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, कडेनं सुटायला लागतं. त्यावर उपाय म्हणून उष्ण मुलखातले फोटोग्राफर फिक्सरमध्ये तुरटी घालत. तुरटीनं जिलेटिन कडक होतं, प्रिंटवर ओरखडे उठत नाहीत, ग्लेझिंगच्या पत्र्याला तो चिकटत नाही. पण कडक झालेलं जिलेटिन हायपोला सहजासहजी सोडत नाही. म्हणजे ज्या गावात प्रिंट जास्त वेळ धुवायची गरज होती, तिथंच पाण्याची सर्वांत जास्त चणचण. फायबर कागदाला वाहत्या पाण्यात तासभर ठेवा असं पुस्तकात लिहिणं सोपं आहे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूरच्या एखाद्या स्टुडिओनं ते पाणी आणायचं कुठून? आमच्या घरी त्या काळातल्या एका लग्नाचे फोटो आहेत. मांडवातले पांढरे फेटे आता पिवळट-तपकिरी झालेत. ते बघताना त्या फोटोग्राफरला दोष द्यावा असं मला एकदाही वाटलं नाही.

खरं तर कमी पाण्यात चांगलं धुण्याची रीत होती आणि आहे, फक्त ती आपल्याकडं फारशी पोचली नाही. हायपो कागदातून बाहेर येतो तो पाण्याच्या माऱ्यानं नव्हे. कागदात तो जास्त आणि पाण्यात कमी, म्हणून तो बाहेर झिरपतो. दोन्हीकडं सारखा झाला की थांबतो. त्यामुळं नळ धो धो सोडण्यापेक्षा ट्रेमध्ये स्वच्छ पाणी भरावं, प्रिंट पाच-दहा मिनिटं हलवत ठेवावा, पाणी पूर्ण ओतून द्यावं आणि पुन्हा भरावं. असे बरेच फेर केले की वाहत्या पाण्याच्या तोडीचं काम होतं आणि पाणी लागतं त्याच्या काही अंशच. दुसरी युक्ती समुद्रानं शिकवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन नौदलातल्या लोकांच्या ध्यानात आलं की खाऱ्या पाण्यात धुतलेल्या प्रिंटमधून हायपो लवकर निघतो. नंतर गोड्या पाण्यात थोडं खळबळलं की झालं. त्यातून पुढं सोडियम सल्फाइटचं हायपो क्लिअरिंग एजंट बाजारात आलं. आज तासाभराचं धुणं त्याच्यामुळं वीसेक मिनिटांवर येतं.

इथं मिशिगनमध्ये अडचण अगदी उलटी. जानेवारीत नळाचं पाणी इतकं गार असतं की बोटं दुखतात, आणि इतक्या गार पाण्यात हायपो कागदातून जागचा हलत नाही. धुण्याला साधारण १८ ते २४ अंशांचं पाणी हवं. तळघरात मी गरम आणि थंड नळ मिसळून, थर्मामीटर बुडवून धुते. पाणी मुबलक आहे, तरी ट्रे भरून ओतून देण्याची सवय मी सोडलेली नाही.

ॲन आर्बरच्या पाण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण कोणत्याही पुस्तकात ते सापडणार नाही. या शहराचं बरंचसं पाणी बार्टन पाँडपाशी ह्युरॉन नदीतून घेतलं जातं, उरलेलं विहिरींतून येतं. दोन्ही जड. जडपणा काढायला सनसेट रोडवरच्या शुद्धीकरण केंद्रात पाण्यात चुना घालतात. चुन्यानं पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार खाली बसतात आणि पाणी हलकं होतं. पण त्या प्रक्रियेतून घराघरांत येणाऱ्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, नऊच्या वर राहतो. प्यायला, स्वयंपाकाला, नळांच्या आयुष्याला ते उत्तम. सेपिया आणि सेलेनियमलाही त्याचा त्रास नाही, उलट सेलेनियमला आम्लापेक्षा तेच बरं. अडचण होते ती निळ्याची.

निळ्या टोनरमध्ये फेरीसायनाइड आणि लोहाचा क्षार असतो. चित्रातल्या चांदीशी त्यांची क्रिया होऊन प्रशियन ब्लू तयार होतो. बार्टन धरणाचा संध्याकाळचा एक प्रिंट मी असा केला होता. धरणाच्या भिंतीची सावली, खाली फेसाळ पाणी, वर फिकट आकाश. टोनरमध्ये करडेपणा हळूहळू सरतो आणि आधी सावल्या, मग मधल्या छटा निळ्या होतात. पण पांढऱ्या भागावरही पिवळी झाक चढते. ती टोनरची, कागदात मुरलेली, आणि ती काढायला धुणं हाच उपाय. म्हणून प्रिंट नळाखाली घेतला. पिवळेपणा उतरू लागला, आकाश मोकळं झालं. त्याच वेळी भिंतीच्या सावलीतला निळा विटू लागला. आधी कडांना, जिथं पाणी जास्त फिरत होतं तिथं. काही मिनिटांनी आकाश पांढरं झालं होतं आणि धरण मळकट.

अल्कधर्मी पाणी प्रशियन ब्लूला मोडतं. पुस्तकातली ‘पिवळेपणा जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुवा’ ही सूचना ज्या शहरात लिहिली गेली तिथलं पाणी वेगळं असणार. ॲन आर्बरमध्ये डाग काढणारं पाणीच चित्रही घेऊन जातं. उपाय साधा निघाला. ट्रेभर पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आपल्या किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, घालायचं आणि तशाच पाण्याचे फेर करायचे. पाणी किंचित आंबट असलं की निळा जागेवर राहतो आणि पिवळा निघून जातो. शेवटी एकदा डिस्टिल्ड पाण्यात खळबळून प्रिंट वाळत घालायचा. सायनोटाइप करणाऱ्या इथल्या लोकांनाही मी हेच सांगते. त्यांचा निळा तोच आहे.

बाकीच्या डागांची कारणं तुलनेनं लवकर सापडतात. सेलेनियममध्ये गुलाबी-तांबूस डाग पडले तर आम्ल फिक्सर नीट न धुता प्रिंट टोनरमध्ये गेलेला असतो. आम्ल लागलं की टोनरमधलं सेलेनियम सुटून कागदावर बसतं. अमेरिकन फोटोग्राफर अँसेल अ‍ॅडम्स साध्या, तुरटीविरहित हायपोमधून प्रिंट सरळ टोनरमध्ये नेत आणि टोनर अल्कधर्मी द्रावणात मिसळत, त्याच्यामागं हेच कारण होतं. सेपियात बारीक निळे ठिपके दिसले तर लोखंड शोधा : गंजका पाइप, किंवा टवका उडालेला इनॅमलचा ट्रे. फेरीसायनाइडला कणभर लोह मिळालं तरी तिथं प्रशियन ब्लू होतो, म्हणजे कुणी न मागितलेलं निळं टोनिंग. ब्लीचनंतर सल्फाइडमध्ये चित्र परत आलं पण उजळ भागातले तपशील आले नाहीत, तर कागदात हायपो राहिला होता. फेरीसायनाइड आणि हायपो एकत्र आले की चांदी विरघळते आणि परत येत नाही. १८८३ पासून हे मिश्रण हॉवर्ड फार्मरच्या नावानं ओळखलं जातं आणि फार गडद झालेला प्रिंट उजळायला लोक ते मुद्दाम वापरतात. पुन्हा तेच : चुकून झालं तर नुकसान, ठरवून केलं तर कसब.

हे सगळं या गावात लिहिताना मला एक समाधान आहे. ॲन आर्बरच्या जुन्या पश्चिम भागात, विल्यम स्ट्रीट आणि फोर्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, आर्गस कॅमेऱ्याच्या कारखान्याची विटांची इमारत अजून उभी आहे. १९३१ मध्ये इथं इंटरनॅशनल रेडिओ कॉर्पोरेशन सुरू झालं. रेडिओ विकले जात हिवाळ्यात. उन्हाळ्यात विकायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी कॅमेरा काढला. १९३६ चा आर्गस ए साडेबारा डॉलरला मिळत होता, आणि ३५ मिलिमीटरची फोटोग्राफी सामान्य अमेरिकन माणसाच्या आवाक्यात आली ती बरीचशी त्याच्यामुळं. पुढचा सी-३ तर १९३९ पासून १९६६ पर्यंत बनत राहिला. विटेसारखा चौकोनी, जड, पण बिघडणं माहीत नसलेला. त्या कॅमेऱ्यांमागोमाग घराघरांत तळघरातल्या डार्करूम आल्या, बाथरूममध्ये ट्रे मांडले गेले, आणि हौशी लोकांनी थकलेल्या फिक्सरमध्ये किती प्रिंट बुडवले असतील याचा अंदाजही करवत नाही.

विद्यापीठाच्या क्लेमंट्स लायब्ररीत डेव्हिड टिंडर यांनी जमवलेला मिशिगनमधल्या फोटोंचा संग्रह आहे, एक लाखाहून जास्त चित्रं. त्यात खेड्यापाड्यांतल्या फोटोग्राफरनी छापलेली खऱ्या फोटोंची पोस्टकार्डं पुष्कळ. पूर आला, आग लागली, रेल्वे घसरली, की दुसऱ्या दिवशी कार्ड विकायला हवं. अशा घाईत तासभर धुणं कुणाला परवडणार? या जातीच्या जुन्या कार्डांवर कडांचा पिवळेपणा, बोटांचे तपकिरी ठसे सर्रास आढळतात. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. कोण किती घाईत होतं, कुणाच्या ट्रेमध्ये किती कागद एकदम होते, हे त्या कागदानं जपून ठेवलेलं असतं. चित्र काय घडलं ते सांगतं, डाग ते चित्र कसं बनलं ते.

एक काळजी मात्र डागांपेक्षा मोठी आहे. सेलेनियम विषारी आहे. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये आणि खोलीत हवा खेळती हवी. सल्फाइडमध्ये आम्ल मिसळलं तर निघणारा वायू नुसता घाण वासाचा नसतो, घातक असतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते. आमच्या मोऱ्यांचं पाणी शुद्ध होऊन शेवटी ह्युरॉन नदीतच जातं आणि खालच्या गावांकडून एरी सरोवराला मिळतं. म्हणून माझ्या तळघरातली एकही बाटली मोरीत रिकामी होत नाही. कॅनमध्ये साठवते आणि झीब रोडवरच्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रात नेऊन देते. महाराष्ट्रात आता पुन्हा काही तरुण मुलं-मुली फिल्म आणि फायबर कागदाकडं वळताना दिसतात. त्यांनी सुरुवातीपासूनच वापरलेली रसायनं वेगळी साठवावीत आणि ती कोण घेतं याची चौकशी करूनच कामाला लागावं.

आणि ज्यांच्याकडं डार्करूम नाही, फक्त घरातले जुने फोटो आहेत, त्यांना एक विनंती. पिवळे डाग पडलेला फोटो घरी धुवायला, पुसायला, इंटरनेटवरच्या कुठल्याही द्रावणात बुडवायला जाऊ नका. तो डाग आणि तो चेहरा एकाच द्रव्याचे बनलेले असू शकतात. चिकट पानांच्या आणि प्लास्टिकच्या वास येणाऱ्या अल्बममधून फोटो सुटत असेल तर हलकेच बाहेर काढा, ओढून फाडू नका. प्रत्येक दोन फोटोंमध्ये साधा, आम्लरहित कागद घाला आणि पावसाळ्यात ते बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीनं माणसांची नावं आणि गाव लिहा, बॉलपेन नको. जमलं तर स्कॅन करून घ्या, पण स्कॅन झालं म्हणून मूळ प्रिंट टाकून देऊ नका. निगेटिव्ह सापडली तर ती सर्वांत आधी सांभाळा. निगेटिव्ह शाबूत असेल तर नवा, नीट धुतलेला प्रिंट आजही काढता येतो.